शामभाऊचा आरामाचा महिना

दिग्रसच्या बसस्टँडमागे शाम राठोडनं अठ्ठावीस वर्षं खानावळ चालवली. डेपोचे कंडक्टर, जिनिंगमधले हमाल, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं, सगळ्यांची पोटं त्यानं भरली. यंदा संक्रांत झाली आणि खानावळ पोरा-सुनेच्या हवाली करून त्यानं घरात जाहीर केलं, "एक महिना मी झाऱ्याले हात लावत नाही. मित्रांसंगं फिरीन, आयतं खाईन, आन् टिपेश्वरचा वाघ पाहीन. जंगल अडीच तासांवर, आन् मले अजून त्याची शेपटीसुद्धा दिसली नाही."

"जा बापा एकदाचे," बायको संगीता म्हणाली.

बेत मित्रांनीच आखला होता. मारोतराव तूर काढून मोकळे झालेले. पुंडलिकराव रिटायर मुख्याध्यापक. मोबाइलवर बुकिंग करता येतं म्हणून स्वतःला टूर मॅनेजर समजणारे. आणि रामधन, शामच्याच तांड्यातला, बोलेरोचा मालक. फेब्रुवारीचा अख्खा महिना पर्यटन करायचं ठरलं. म्हणजे दर शुक्रवारी निघायचं, सोमवारी परत यायचं, मधले दिवस घरी कपडे धुवायला टाकायचे आणि झोप काढायची. एवढं धाडस दिग्रसमध्ये आजवर कोणी केलं नाही, असं मारोतरावांचं प्रामाणिक मत होतं.

पहिल्या शुक्रवारी शाम इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसायला गेला, तर मागच्या सीटवर एक मोठं पातेलं आधीच बसलेलं. शेजारी परात, तिखट-मिठाचे डबे, वांग्यांची थैली आणि पोतंभर गोवऱ्या.

"हे कायले?" शामनं विचारलं.

"असू दे ना. रस्त्यानं काय भेटन, काय नाही," मारोतराव म्हणाले. सहस्रकुंडाच्या धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर किती हॉटेलं आहेत ते शामला पाठ होतं. पण पहिल्याच दिवशी कुठं वाद घालायचा, म्हणून तो पातेल्याला मांडीवर घेऊन बसला.

वाटेत एका हॉटेलात पुंडलिकरावांनी भाजीचा एक घास घेतला आणि ताट असं सरकवलं की जणू त्यात पाल पडली आहे. "शाम, हे खाऊन आपण वापस नाही येत. तू फक्त फोडणी घाल. बाकी आम्ही करतो."

बाकी म्हणजे पत्ते. झाडाखाली सतरंजी टाकून तिघांनी बाकी सगळं फार मन लावून केलं. अधूनमधून मारोतराव डोळे मिटून म्हणत, "शामभाऊच्या हातची वांग्याची भाजी खाल्ली का मले वाटते, इतके दिस आपण जेवलोच नाही!" रामधन तर त्याला लाडीगोडी लावताना नेहमी तांड्याच्या बोलीतला 'भिया', म्हणजे भाऊ, काढायचा. "शाम भिया, तुझ्या रोडग्याले तोड नाही रे." झालं! शामला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरे. चढला, आणि तिथं बसून त्यानं कणीक मळली, रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात घातले, वरण उकळलं. धबधबा त्यालाही दिसला. पातेलं घासायला नदीवर गेला तेव्हा.

'जाऊ दे,' तो मनात म्हणाला. 'धबधब्याले फेब्रुवारीत पाणी तरी कुठं असते. खरा कार्यक्रम टिपेश्वरचा.'

दुसऱ्या शुक्रवारी टिपेश्वर. जंगलाच्या गेटापासून थोड्या अंतरावर मारोतरावांच्या बहिणीचं शेत होतं, तिथं मुक्काम. पहाटे शाम सगळ्यांच्या आधी उठला, स्वेटर चढवला, कानाला मफलर गुंडाळली आणि चपला सोडून बूट घातले. तेवढ्यात पुंडलिकराव मोबाइल दाखवत आले. "सफारीले तिघांची नावं टाकली आहेत, आधारकार्डासकट. तू तं स्वयंपाकाले हायेस ना, म्हणून तुले उगाच त्रास नाही दिला."

काय ती काळजी! शामच्या ओठावर आलं होतं, 'मास्तर, मलेच तं वाघ पाह्याचा हाये.' पण या माणसानं अठ्ठावीस वर्षं लोकांना "अजून वाढू काय?" विचारलं होतं, "मले वाढा" म्हणायची वेळच कधी आली नव्हती. तो म्हणाला, "जा जा. नाश्त्याले काय करू?"

सफारीच्या एका उघड्या जिप्सीत सहा जण बसतात. तिघं बसले आणि उरलेल्या तीन जागांवर पिशव्या बसल्या. पिशव्यांत शामनंच तळलेल्या तिखट पुऱ्या. त्या पुऱ्यांना त्या सकाळी वाघाची पाठ दिसली.

दिवसभर त्या पाठीचं वर्णन चाललं. मारोतरावांच्या मते ती बैलाएवढी होती, रामधनच्या मते बैलजोडीएवढी. शाम वरण ढवळत ऐकत होता आणि मनात म्हणत होता, 'अरे भैताडहो, एकानं तरी म्हणा, शाम, उद्या तू जा!' कोणी म्हटलं नाही. मग त्यानं सुचवून पाहिलं.

"यंदा वाघ लय दिसून राह्यले म्हणते."

"हो ना!" मारोतराव म्हणाले.

"डोळे असेपर्यंतच पाहून घ्या म्हणते लोकं."

"एकदम बरोबर," पुंडलिकराव म्हणाले आणि पुढच्या शुक्रवारची जिप्सी तिथल्या तिथं बुक केली. तिघांची. वाघाचं तोंड पाहायचं राहिलं होतं ना!

तिसऱ्या आठवड्यात शाम पेटला. तोंडानं बोलणं जमत नाही, तर हातानं बोलू, असं त्यानं ठरवलं. हे तिघं वाघीण आणि तिची दोन पिल्लं पाहून नाचत परत आले, तेव्हा चुलीवर मटण तयार होतं. त्यात शामनं मीठ दुप्पट टाकलं होतं. रोडगे बाहेरून कोळसा, आतून कच्चे. आपल्याच हातानं असं अन्न नासवताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तो मागे हटला नाही.

तिघांनी पहिला घास घेतला. रामधन दोन तांबे पाणी प्याला. मारोतराव म्हणाले, "छान आहे," आणि लगेच दह्याची चौकशी केली. परत निघताना पुंडलिकरावांनी शामच्या खांद्यावर हात ठेवला. "शाम, तू थकला गड्या. पुढच्या खेपेले पांढरकवड्याचा एक आचारी सांगतो. तू आता आराम कर."

शामला गाडीतच नाचावंसं वाटलं. जिंकलो! घरी येऊन त्यानं संगीताला सगळं रंगवून सांगितलं, गुरुवारी दाढी केली, शेजाऱ्याकडून दुर्बीण मागून आणली. शुक्रवारी सकाळी सातला तो बॅग घेऊन ओट्यावर बसला. आठ वाजले. नऊ वाजले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चार वेळा विचारलं, "कुठं निघाले शामभाऊ?" चारही वेळा त्यानं सांगितलं, "टिपेश्वरले."

दहाला त्यानं रामधनला फोन लावला. मागून बोलेरोचा आवाज येत होता. "अरे भिया! आम्ही तं आर्णीच्या पुढं आलो. मास्तर म्हणे, शामले आरामाची गरज हाये. तब्येत सांभाळ रे बापा." आवाजात इतकी माया होती की शामला शिवीसुद्धा देता येईना. त्यानं बॅग उचलून आत नेली.

शनिवारी दुपारी ग्रुपवर फोटो आला. रस्त्याच्या मधोमध वाघ, अख्खा, तोंडासकट, कॅमेऱ्याकडे पाहत बसलेला. पुढं जिप्सीत चौघं. मारोतराव, रामधन, पुंडलिकराव आणि एक अनोळखी मिशीवाला गडी, खांद्यावर स्वयंपाकाचं फडकं, तोंड उघडं राहिलेलं.

शामनं तडक पुंडलिकरावांना फोन लावला. "मास्तर, तो चौथा कोण?"

"बंटी. आपला आचारी."

"आचाऱ्याले जिप्सीत काहून बसवलं?"

"अरे, त्यानं पह्यल्या फोनवरच सांगतलं, वाघ दाखवान तं येतो, नाही तं दुसरा माणूस पाहा. म्हटलं दाखवू ना, त्यात काय? जागा तं रिकाम्याच राह्यतेत. काहून? तुले पाह्याचा व्हता काय?"

हो म्हणायला आता एकच अक्षर लागत होतं.

"मले? नाही बापा. सहजच इचारलं."

"तेच म्हटलं मी! पाह्याचा असता तं तू बोलला असता. बरं झालं फोन केला. याले तुझ्यासारखी वांग्याची भाजी जमून नाही राह्यली. थांब, त्यालेच देतो."

फोन बंटीच्या हातात गेला. शामनं त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. वांगी कशी चिरायची, कांदा कुठवर परतायचा, तीळ आणि जवस वेगवेगळे का भाजायचे. बंटी हं हं करत ऐकत होता. मग मधेच म्हणाला, "काकाजी, तुम्ही तं लय वेळा पाह्यला असन ना वाघ? मी आज पह्यल्यांदाच पाह्यला. माहं आंग अजून थरथरून राह्यलं, सांगतो."

"तिळाकडं लक्ष ठेव," शाम म्हणाला. "जळले तं भाजी कडू होते."