हरणांची साक्ष

"काऊन वं, झाली का तुझ्या तळ्याला फाशी?" शंकररावांनी सोफ्यावरून विचारलं.

"सुनावणी चालू आहे, बाबा," उपासना म्हणाली.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या अपार्टमेंटमध्ये बसून ती उत्तर अलास्काचा नकाशा करत होती. टुंड्रा म्हणजे झाड नाही, रस्ता नाही, माणूस नाही. पाणी मात्र जिकडेतिकडे सांडलेलं. सॅटेलाइटच्या फोटोंवरून तळी ओळखायची, नद्या आखायच्या. हजारो तळी आखून झाली, पण तिथला एक डासही तिला चावला नव्हता. नागपूरहून आलेल्या शंकररावांना आठवडाभर वाटत होतं, पोरगी गेम खेळते.

संध्याकाळी नकाशा पक्का व्हायचा होता, आणि तिचा टीम लीड निहार व्हिडिओ कॉलवर एका काळ्या ठिपक्यापाशी अडून बसला होता.

"शॅडो आहे यार, टेकडीची. कॉम्प्युटर पण तेच म्हणतो. डिलीट कर."

"कॉम्प्युटर परवा धावपट्टीला नदी म्हणाला होता."

"फेअर. पण प्रूफ दे."

डिलीट केलं की तळं देशाच्या नकाशातून गेलं. असलेलं पाणी नाही म्हणायचं, तेही आपल्या हातानं, हे तिला जमेना.

तिनं फोटो मोठा केला. तळ्याकडे बघून डोळे शिणले, तेव्हा ती आजूबाजूला बघू लागली. जमिनीवर केसासारख्या रेघा होत्या : कॅरिबू हरणांच्या पायवाटा. सगळ्या सरळ येत होत्या, ठिपक्यापाशी दुभंगत होत्या आणि वळसा घालून पलीकडे पुन्हा एक होत होत्या.

"निहार, तू कधी सावलीला वळसा घातलायस?"

निहारनं आपल्या स्क्रीनवर त्या रेघा शोधल्या.

"वॉव. म्हणजे हरणं विटनेस?"

"अख्खा कळप. उलटतपासणी घे."

"नको. इट्स अ लेक. कीप इट."

कॉल संपला. शंकरराव उठून स्क्रीनजवळ आले.

"पिण्याजोगं आहे का पाणी?"

"असेल. बर्फ फोडावा लागेल."

"कोणीबी पिऊ शकते?"

"कुणीही. फक्त अस्वल आलं तर त्याचा नंबर आधी."

शंकरराव हसले नाहीत. त्यांच्या वडिलांना गावच्या तळ्यावर पाय ठेवायची मनाई होती. घरात त्यावर कुणी फारसं बोलत नसे. त्यांनी तर्जनी पुढे केली आणि ठिपक्याच्या मधोमध टेकवली.

स्क्रीनला कुणी बोट लावलं की उपासना एरवी घर डोक्यावर घेई. आता तिनं मुकाट्यानं माउस सरकवला आणि त्यांच्या बोटाखाली तळ्यात निळा रंग भरला.