गळका म्हणून बदनाम

मित्रांनो, मी एक जुना ट्रम्पेट आहे. अंगावर दोन पोचे आहेत, पण माझ्या आवाजाने आजही खिडक्यांच्या काचा थरथरतात. माझ्यावर एकदा खोटा आळ आला, त्याची ही हकीकत.

माझे मालक बँडचे मास्तर. कार्यक्रमाच्या शेवटी ते एकच सूर लांबवून धरत आणि लोक मोठ्याने आकडे मोजत. वीस झाले की टाळ्यांचा कडकडाट! त्या टाळ्या माझ्यासाठीच आहेत, असे मी धरून चाललो होतो. दोन गाण्यांच्या मध्ये मात्र मास्तर मला काखेत मारून सिगारेट पेटवत आणि मग तेच तोंड मला लावत. माझे काय होत असेल ते तुम्हीच ओळखा.

पुढे आकडा अठरावर आला, मग चौदावर, मग नऊवर. मास्तर रोज सकाळी इतके खोकत की शेजारी त्यावर घड्याळ लावत. तरी दोष कुणाचा? माझा!

"यातून हवा गळते," म्हणत त्यांनी मला तीनदा दुरुस्तीला नेले. दुरुस्तीवाल्या काकांनी आधी झडपा बदलल्या, मग स्प्रिंगा. तिसऱ्यांदा त्यांनी माझे पुढचे रुंद भोक बुजवून मला पाण्याच्या बादलीत बुडवले आणि तोंडातून फुंकर मारली. एक बुडबुडा आला असेल तर शपथ! मग लांब ब्रश घालून त्यांनी माझ्या पोटातला काळा चिकट गाळ चारचौघांत बाहेर काढला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"मास्तर, बाजा ठणठणीत आहे. हा गाळ तुमच्या फुंकरीतून आलाय."

"काहीतरीच काय! वय झालंय त्याचं."

काकांनी मला ओठांना लावून सरळ बावीसपर्यंत सूर धरला. काका मास्तरांपेक्षा सहा वर्षांनी मोठे होते.

बँडमध्येच ट्रम्पेट वाजवणाऱ्या मास्तरांच्या लेकीने त्यांना थेट दवाखान्यात नेले. मीही होतोच काखेत. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका नळीत फुंकायला लावले आणि मान हलवली.

"मास्तर, धुराने तुमच्या श्वासनलिका सुजल्यात, कफ धरलाय. हवेच्या बारीक पिशव्याही फाटल्यात."

"मग याच्यासारखा ब्रश फिरवा ना," मास्तर मला पुढे करत म्हणाले.

"फुप्फुसात ब्रश जात नाही. फाटलं ते पुन्हा जोडता येत नाही. पण आज सिगारेट सोडलीत, तर उरलंय ते जास्त दिवस टिकेल."

मास्तरांनी सिगारेट सोडली. पहिले दोन महिने ते सगळ्यांवर खेकसत होते, माझ्यावर जरा जास्तच. हल्ली माझ्या तोंडाला पेपरमिंटचा वास येतो.

मग पुन्हा कार्यक्रम झाला. लोक मोजू लागले. अकराला मास्तरांचा दम संपला. मला वाटले, आता हसे होणार. तेवढ्यात शेजारून लेकीच्या ट्रम्पेटने तोच सूर उचलला. लोकांना पत्ताही लागला नाही; ते वीसपर्यंत मोजत गेले. मास्तरांनी मला पोटाशी घट्ट धरले आणि ते पुटपुटले, "चूक तुझी नव्हती रे."

मित्रांनो, माझी झडप बिघडली तर नवी मिळते. तुमच्या छातीतल्या भात्याचे सुटे भाग कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, तेव्हा त्याला धुरापासून जपा. मास्तर आजही अकरापर्यंतच वाजवतात. पुढचे नऊ आकडे ते लेकीकडे बघत, लोकांबरोबर मोजतात.