भन्तेंचं ताट

दशरथची बायको रत्नप्रभा जाऊन वर्ष झालं, म्हणून त्याने घाटकोपरच्या एका विहारात चार भिक्खूंना भोजनदान ठेवलं होतं. दशरथ आणि मी एकतीस वर्षं एकाच ऑफिसात शेजारच्या टेबलांवर बसलो. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "थोरल्या भन्तेंचं ताट तू द्यायचं, विद्याधर. तिला बरं वाटलं असतं."

मी आठवडाभर पुस्तकं चाळून गेलो. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत आणि कुणी हातात दिल्याशिवाय अन्न घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं. अगदी पाठ होतं.

साडेअकराला दशरथच्या मुलीने, दिशाने, ताट माझ्याकडे दिलं. भात, वरण, वालाची उसळ, खीर. थोरल्या भन्तेंनी बसल्या जागेवरून दोन्ही हात पुढे केले. मी त्या हातांपर्यंत गेलो, आणि ताट त्यांच्या पुढ्यातल्या चौरंगावर ठेवून झटकन मागे सरलो.

भन्तेंचे हात क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी ते सावकाश मांडीवर घेतले. बाकीचे तिघेही थांबले. दोघातिघांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"काका, हातात द्या ना," दिशा म्हणाली. "हात लागला तरी चालतो हो."

मागे कुणीतरी हसलं. मी ताट उचललं. खीर थोडी सांडली. देताना भन्तेंची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि माझे कान तापले. ते शांतपणे जेवले. बारा वाजायच्या आत त्यांचं उरकलंही.

मग आमची पंगत बसली. दशरथ वाढायला आला.

"बुजलो रे मी," मी हळूच म्हणालो. "एवढी माणसं बघत होती."

"हं." त्याने भात वाढला. "रत्नप्रभा विचारायची, विद्याधरभावोजी येतात, तासभर बसतात, पण आपल्याकडे पाणीसुद्धा का घेत नाहीत? मी सांगायचो, अगं, बुजरा आहे तो."

"तिला पटायचं?"

"तिचं माहीत नाही. मी स्वतःला पटवून द्यायचो."

आमच्या मुलुंडच्या घरी आई कामवाल्या बाईच्या ओंजळीत भाकरी वरून टाकायची, हात लागू नये म्हणून. मी तिथेच पुस्तक घेऊन बसलेला असायचो. मान वर करून बघायचो, आणि पान उलटायचो. बुजरा मी आहेच. पण दशरथच्या घरचं पाणी मी बुजरेपणामुळे नाकारलं नव्हतं.

"दशरथ," मी म्हणालो, "तो बुजरेपणा नव्हता."

त्याच्या हातातला डाव थांबला.

"माहितीये रे," तो म्हणाला. "पण हे ती असताना बोलायचं होतंस ना."

मग माझ्या भातावर वरण घालून तो पुढच्या ताटाकडे वळला.