नोरीनचं बीळ

मित्रांनो, जमिनीत निम्मा पुरलेला, पाठीवर मातीचा ढिगारा आणि तोंडाला एक जाड लोखंडी दार, असा मी वणव्यात जीव वाचवायला शिरायचा एक जुना निवारा आहे. मेलबर्नच्या पूर्वेला, गिप्सलंडच्या डोंगरउतारावर, निलगिरीच्या रानाला लागून मी एकटाच असतो. ज्या घरासाठी मला आणले, ते घर आता नाही. आज तुम्ही ऐकायला बसलात, याचेच मला केवढे अप्रूप!

सिमेंट आणि सळया यांचे माझे अंग. एका मोठ्या ट्रकवर घालून मला ॲथॉल आणि नोरीन या जोडप्याच्या गोठ्यामागे आणले आणि खणून ठेवलेल्या खड्ड्यात उतरवले. हट्ट नोरीनचा. आदल्या उन्हाळ्यात समोरच्या डोंगरावरचा वणवा तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला होता आणि तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. ॲथॉलला मात्र मी अजिबात नको होतो.

"पैसे खड्ड्यात घातले, असं लोक नुसतं म्हणतात. मी आज प्रत्यक्ष बघितलं!" तो कमरेवर हात ठेवून म्हणाला.

"वेळ आली की तूच पहिला आत पळशील," नोरीन म्हणाली.

"मी? ह्या वॉम्बॅटच्या बिळात? मी छपरावर नळी धरून उभा राहीन."

"राहा की. तुझी राख गोळा करायला कुणीतरी जिवंत हवंच ना!"

त्या दिवसापासून माझे नाव पडले बीळ. नोरीनचं बीळ.

माझे दुःख जरा विचित्र आहे, मित्रांनो. घराला माणसे हवी असतात, गोठ्याला गाई हव्या असतात. मी मात्र माझ्याकडे कुणी येऊ नये असेच मागायचे. कुणी धावत आले, तर समजायचे की त्यांच्या घरादाराची राखरांगोळी होते आहे. मला हे कळते. तरीही कुणी येईना म्हणून मला वाईट वाटायचे.

नोरीन तेवढी यायची. उन्हाळा तोंडावर आला की ती दारातला पालापाचोळा झाडायची, पाण्याचे डबे भरायची, लोकरीच्या घोंगड्या उन्हात टाकून पुन्हा घडी करून ठेवायची. मग दार ओढून विणकाम घेऊन आत बसायची. अंधाराची सवय हवी, असे तिचे म्हणणे. गुणगुणायची, आणि तिचा आवाज माझ्या भिंतींना लागायचा. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच.

एका हिवाळ्यात ती आजारी पडली आणि गेली.

ॲथॉलला तिच्या वस्तू घरात बघवेनात आणि टाकवेनातही. म्हणून तो एकेक वस्तू माझ्याकडे आणू लागला. आधी तिचे शिवणयंत्र आले. मग कपड्यांची खोकी, टोपल्या, तिची पाठ टेकायची गादीची खुर्ची, तिने शेवटच्या उन्हाळ्यात केलेल्या प्लमच्या जॅमच्या बरण्या. वस्तू ठेवून तो काही वेळ दारात उभा राहायचा आणि मग दार ओढून जायचा. मी छतापर्यंत भरलो. खरे सांगू? मला बरे वाटले. वाटले, चला, सोबत झाली.

मग तो फेब्रुवारी आला, म्हणजे आमच्याकडचा ऐन उन्हाळा. उत्तरेचा वारा भट्टीसारखा सुटला होता आणि भर दुपारी आकाश तपकिरी झाले होते. ॲथॉल बोलल्याप्रमाणे छपरावर नळी धरून उभा होता. एवढ्यात वीज गेली, पंप बंद पडला आणि नळीतून नुसती हवा येऊ लागली. त्याच वेळी शेजारची ब्रॉन्विन गाडी उलटी पळवत अंगणात शिरली. बरोबर तिच्या दोन लहान मुली होत्या.

"रस्त्यावर झाड पडलंय, ॲथॉल! बाहेर पडताच येत नाही. बीळ उघडा!"

छपरावरून उतरून त्याने धावत येऊन माझे दार उघडले. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती.

"अहो, हे काय करून ठेवलंय!"

"नोरीनचं आहे," ॲथॉल म्हणाला.

ब्रॉन्विनने पुढे होऊन एक खोके उचलले. त्याने ते तिच्या हातातून हिसकावून छातीशी धरले. "हात लावू नकोस सांगतो!"

रानाचा आवाज आता आगगाडीसारखा जवळ येत होता. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या पोटातल्या प्रत्येक वस्तूचा तिटकारा आला. मला त्या ओकून टाकाव्याशा वाटल्या, पण सिमेंटला ते जमत नाही. धाकटी मुलगी धुराने खोकू लागली. ॲथॉलने तिच्याकडे पाहिले, हातातल्या खोक्याकडे पाहिले, आणि ते भिरकावून दिले.

"दारापाशी नको! पेटेल ते. लांब टाका!" ब्रॉन्विन ओरडली.

मग तो म्हातारा वेड लागल्यासारखा कामाला लागला. खोकी, टोपल्या, यंत्र. खुर्ची एकट्याने उचलून तो अंगण ओलांडून गेला, तेव्हा त्याच्या टोपीवर ठिणग्या पडत होत्या. "माफ कर गं, माफ कर," एवढेच तो म्हणत होता. परत येऊन त्याने दार ओढले आणि मी घट्ट मिटलो.

बाहेर काय झाले ते मी सांगत नाही. माझे दार तापले, माझी पाठ भाजली, पण मी धूर आत येऊ दिला नाही. फळीवर जॅमची एक बरणी राहिली होती. मुली रडू लागल्या तेव्हा ॲथॉलने ती उघडली. इतके दिवस त्याने एकाही बरणीचे झाकण काढले नव्हते.

"बोटांनीच खा," तो म्हणाला. "ती असती तर मला ओरडली असती. पसारा केल्याबद्दल. बोटांबद्दल नाही."

ते चौघे माझ्या पोटात एकमेकांना चिकटून बसले होते आणि मी भरलेला होतो. बाहेर त्यांचे सगळे जळत होते, आणि मला एकटे वाटत नव्हते.

बाहेर आले तेव्हा घराचे धुराडे तेवढे उभे होते. अंगणापलीकडे खुर्चीच्या स्प्रिंगा वाकड्या होऊन पडल्या होत्या.

ॲथॉल शहरात बहिणीकडे राहायला गेला. जाताना त्याने माझ्या दारावर तळहात टेकला आणि म्हणाला, "येतो गं." ते मला नव्हते. पुढे पाऊस आले, काळ्या खोडांना पालवी फुटली, आणि माझ्याकडे कुणी आले नाही.

परवा मेलबर्नहून एक जोडपे आले. त्यांनी जागा घेतली आहे, नवे घर बांधणार आहेत. बाईने दार उघडून आत डोकावले.

"अरे, किती गार आहे इथे! वाइनच्या बाटल्या काय मस्त राहतील!"

"आणि सायकली," तो म्हणाला.

मित्रांनो, कुणीतरी त्यांना सांगा. मला विचारू नका. मी इतका एकटा आहे की बाटल्या आल्या तरी 'या' म्हणेन. म्हणून तुम्हीच त्यांना सांगा: दारातला पाला झाडा, पाणी भरा, घोंगड्या ठेवा. बाकी काही ठेवू नका. मग माझे दार लावा आणि निघून जा.