दोन शाळांचं दप्तर

हस्लिंदाने दप्तर उचललं आणि दवाखान्यातल्या तपासणीच्या खाटेवर सरळ उपडं केलं. पुस्तकं, वह्या, गणिताचा जाडजूड सरावसंच, जड पुठ्ठ्याची मदरशाची पुस्तकं, नमाजाचा पांढरा पोशाख, काठोकाठ भरलेली बाटली. माशाच्या कुरकुऱ्यांची अर्धी पिशवी घसरून खाली पडली.

"बघा सिस्टर, हे एवढं माझी पोर पाठीवर वाहायची. सकाळची शाळा वेगळी, दुपारचा मदरसा वेगळा. पाठ मात्र एकच!"

फौझिया सिस्टरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, मी मुलीची पाठ बघायला बोलावलंय. दप्तराची नाही."

अकरा वर्षांची दानिया पडद्याशी लाजेने अंग चोरून उभी होती. तिने वाकून कुरकुरे तेवढे उचलले.

हस्लिंदाला मात्र लाज वाटण्याच्या पलीकडची भीती वाटत होती. सगळ्या बेसुत गावाचे कपडे ती शिवायची. रमझाननंतर तिने दानियाचा नवा गणवेश शिवला, तर अंगात घातल्यावर त्याची डावी कड खाली लोंबली. कात्री चुकली असेल म्हणून तिने शिवण उसवून पुन्हा घातली. कड तशीच. मग तिने टेप घेऊन पोरीच्या दोन्ही खांद्यांपासून जमिनीपर्यंत मोजलं, आणि डावा खांदा दोन बोटं खाली निघाला.

सगळं खापर तिने दप्तरावर फोडलं. एका खांद्यावर लटकवायचं नाही, दोन्ही पट्टे आवळून घ्यायचे, जड पुस्तकं पाठीला लागून ठेवायची, हे तिने पोरीच्या मागे लागून करून घेतलं. मदरशाच्या बाईंशी भांडून तिथली पुस्तकं तिथल्याच कपाटात ठेवायची परवानगी आणली. आज पुरावा म्हणून तीच पुन्हा भरून आणली होती. हलक्या दप्तराने पोरीचं दुखणं थांबलं. खांदा काही वर आला नाही.

"चल बाळ, पाय जुळव. हात सोडून पुढे वाक," सिस्टर म्हणाल्या.

दानिया भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "नाही."

"अगं, नुसतं वाकायचंय."

"वर्गातली मुलं म्हणतात, पाठ वाकडी निघाली की आत लोखंडी सळी घालतात."

हस्लिंदाच्याही मनात तीच भीती होती. पण पोरीपुढे घाबरून कसं चालेल?

"वेडी कुठली! हे बघ, मी वाकते. काही होतं का मला?"

ती सिस्टरांकडे पाठ करून उभी राहिली, पाय जुळवले आणि हात सोडून वाकली. सिस्टर हसल्या. दानियाला नीट दिसावं म्हणून त्यांनी हस्लिंदाचा झगा पाठीवरून वर सारला.

"अस्सं. आता मी अशी बोटं फिरवत..."

बोटं मध्येच थांबली. मग पुन्हा वरून खाली आली आणि तिथेच थांबली.

"ताई, तुमचे कपडे कोण शिवतं?"

"मीच की. दुसरं कोण शिवणार?"

"डावी बाजू थोडी आखूड कापता?"

"हो, नाहीतर लोंबते. माझी आईसुद्धा स्वतःचं तसंच..."

 हस्लिंदा तशीच वाकून फरशीकडे बघत राहिली. हजार दप्तरं रिकामी केली असती तरी काय उपयोग होता?

तिच्या शेजारी दोन छोटे पाय येऊन जुळले. दानिया वाकली होती. सिस्टरांनी दुसरा हात तिच्या पाठीवर फिरवला.

"दप्तराने पाठ दुखते, ताई. ते हलकं केलंत, चांगलं केलंत. पण हा बाक दप्तराने येत नाही." त्यांचा आवाज खाली आला होता. "हिच्या पाठीचा एक्स-रे फोटो काढू. वाढतं वय आहे, कदाचित कमरेला आधाराचा पट्टा लागेल. वेळेवर आलात तुम्ही."

दोघी अजून वाकलेल्याच होत्या. दानियाने मान वळवून आईकडे उलटं बघितलं.

"आई, तुझीपण पाठ अशीच आहे?"

"हो गं."

"तुला सळी घातली होती?"

"नाही."

दानियाने थोडा विचार केला. आई दिवसभर मशीन चालवते, मासळीबाजारात भाव पाडते, मदरशाच्या बाईंशी भांडते.

"म्हणजे मी तुझ्यासारखी होईन," ती म्हणाली. तिचा आवाज मोकळा झाला होता. "एवढंच ना?"

"एवढंच," हस्लिंदा म्हणाली.

दानिया सरळ झाली. सिस्टरांनी फोटोची चिठ्ठी लिहून संपवली, तरी तिची आई डोळे कोरडे होईपर्यंत वाकूनच राहिली.