सात दिवस छापायचं नाव

टॅनर बेंडचं वीजघर गावाच्याच मालकीचं. ओहायो नदीच्या काठी दोन बॉयलर, एक धुराडं आणि बेचाळीस माणसांची नोकरी. नव्या कायद्याने त्या धुराड्याला परवाना लागणार होता. कोळशाच्या धुरातलं गंधक वर जातं आणि शेकडो मैलांवर आम्लाचा पाऊस होऊन पडतं, तिथल्या तळ्यांतले मासे मरतात, म्हणून. अर्ज एक जानेवारीच्या आत गेला नाही तर वीजघर चालवणं बेकायदा ठरणार होतं. आणि अर्जावर सगळ्यांच्या वतीने एकाच माणसाने सही करायची. खोटं निघालं तर तुरुंगात जायचं तेही त्याच माणसाने.

हे कळल्यावर वीज समितीतल्या पुरुषांना एकाएकी दुखणी आठवली. एकाचं हृदय नाजूक निघालं, एकाला फ्लोरिडाला मुलीकडे जायचं होतं, तिसऱ्याचं अक्षरच वाईट होतं म्हणे. व्हर्ना स्टॉलनेकर समितीची अध्यक्ष. वय अडुसष्ट, शाळा आठवीपर्यंत. तिने सगळ्यांची कारणं शांतपणे ऐकून घेतली आणि ती म्हणाली, आणा इकडे तो कागद, माझं हृदय दगडाचं आहे हे तुम्ही गेली वीस वर्षं माझ्यामागे बोलताच.

डिसेंबरच्या सोळा तारखेला, शनिवारी सकाळी, तिचा भाचा डॉर्सी किटल कागद घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला. डॉर्सी वीजघराचा सुपरिंटेंडंट. महिनाभर खपून त्याने सगळं भरून आणलं होतं आणि मावशीने खाली सही तेवढी करायची होती. पण व्हर्ना सही तेवढी करणारी बाई नव्हती. तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिचं वाचणं संथ. बोट ओळीच्या शेवटापर्यंत पोचल्याशिवाय ती दुसरी ओळ धरत नसे. डॉर्सीची कॉफी संपली, बटाटा-केकचा दुसरा तुकडा संपला, आणि बोट मधल्याच एका ओळीवर थांबलं.

सगळ्यांच्या वतीने सही करायला माझी नेमणूक झाल्याची नोटीस मी या भागातल्या वर्तमानपत्रात दिली आहे, असं तिथे लिहिलं होतं. दिली होती की. गावाच्या पत्रात, शेवटच्या पानावर, चर्चच्या जेवणाच्या जाहिरातीशेजारी. सगळ्या गावाने वाचली होती.

"डॉर्सी, इथे 'एक आठवडाभर दररोज' असं लिहिलंय."

"हो, आठवडाभर होती ना, मावशी. गुरुवारी आली, पुढच्या गुरुवारपर्यंत तेच पत्र घरोघरी पडून होतं."

"पडून होतं म्हणजे छापलं होतं का? आपलं पत्र आठवड्यातून एकदा निघतं. दररोज म्हणजे दररोज."

डॉर्सीने ती ओळ पुन्हा वाचली. टॅनर बेंडमध्ये जन्मलेल्या त्याला वर्तमानपत्र म्हणजे गुरुवार, एवढंच ठाऊक. महिनाभर त्याने गंधकाचे आकडे दहादा तपासले होते; हे मात्र त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तो हळूच म्हणाला, की वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या माणसाला आपलं पत्र कधी निघतं ते काय कळणार. सही करून टाक.

व्हर्नाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आपली बशी उचलून मोरीत नेली. ती म्हणाली, माझ्या बापाने मला जमीन दिली नाही, दागिना दिला नाही, नाव दिलं. ते मी खोट्याखाली लिहिणार नाही.

रोज निघणारं पत्र त्या भागात एकच होतं आणि ते अकरा मैलांवरच्या कॉर्लिसमधून निघे. कॉर्लिसचं पत्र टॅनर बेंडमध्ये कोणी घरात आणत नसे, आणि तो नियम घालून देणारी व्हर्नाच होती. सदतीस वर्षांपूर्वी त्या पत्राने लिहिलं होतं की टॅनर बेंडमध्ये बर्फसुद्धा काळा पडतो आणि तिथल्या बायका पांढरी चादर कशी असते ते विसरल्यात. व्हर्नाची चादर तेव्हा दोरीवर वाळत होती. ती तशीच ओली उचलून, बस पकडून ती कॉर्लिसला गेली होती आणि संपादकाच्या टेबलावर तिने ती आपटली होती.

नाताळच्या दिवशी ते पत्र निघत नाही, हे डॉर्सीने फोन करून विचारून घेतलं. म्हणजे सलग सात दिवस हवे तर सोमवारी अठरा तारखेला सुरुवात, चोवीसला शेवट. रविवारच्या अंकाची मुदत टळून गेली होती, आणि सोमवारच्या जाहिराती शनिवारी, म्हणजे आजच, दुपारी बारापर्यंतच घेतात. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

"मी जातो, मावशी. तू नको येऊस."

"नाव माझं छापायचंय. तू गाडी चालव आणि गप्प बस."

डॉर्सीने वाटभर फक्त गाडी चालवली.

जाहिरातींच्या खिडकीमागे आयमोजिन प्रेथर नावाची साठीची बाई होती. तिने नोटीस वाचली, नाव वाचलं, मग चष्म्यावरून वर बघितलं. ती त्याच संपादकाची मुलगी निघाली.

"चादरवाल्या बाई तुम्हीच का? माझ्या वडिलांच्या टेबलावरचा डाग शेवटपर्यंत गेला नाही."

"नीळ जास्त पडली होती," व्हर्ना म्हणाली.

डॉर्सीने भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घातलं. आयमोजिनने सावकाश विचारलं, की ज्या पत्राला तुमच्या गावात चुलीपुरतीही किंमत नाही, त्यात आज नाव कशाला हवं? व्हर्नाच्या जिभेवर दोन उत्तरं आली, दोन्ही झणझणीत. घड्याळ समोरच होतं, अकरा चाळीस. पण ती घड्याळाला भ्यायली नाही. तिला एवढंच वाटलं, की खोट्यावर सही नको म्हणून आपण इथवर आलो, मग इथे तरी खोटं कशाला?

"तुमच्या वडिलांनी लिहिलं ते खरं होतं," ती म्हणाली. "बर्फ काळाच पडायचा. चादर मी तीनदा धुतली होती त्या दिवशी. माझा राग खरं लिहिल्याचा नव्हता, हसून लिहिल्याचा होता. आता धूर कमी करायचा कागद आलाय. गंधक कमी असलेला कोळसा घेणार आहोत आम्ही. त्या कागदावर सही करायला मला तुमचे सात दिवस हवेत."

आयमोजिनने नोटीस मशीनवर टाइप करायला घेतली आणि मध्येच विचारलं, स्टॉलनेकरमध्ये एल एक की दोन. मग मान वर न करता म्हणाली, "हसून लिहायला नको होतं. आईनेही तेव्हा त्यांना तेच सांगितलं होतं."

सोमवारपासून नोटीस छापून येऊ लागली. डॉर्सी रोज पहाटे कॉर्लिसला जाऊन अंक आणी, आणि व्हर्ना तो बोट ठेवून वाची, आपलं नाव बरोबर आहे ना ते बघे. तिच्या घरात ते पत्र आलेलं पाहून शेजारणी फिरकून गेल्या. एकीने खोचून विचारलंही, तेव्हा व्हर्ना म्हणाली, बस, वाच, निदान हवामान तरी त्यांचं बरं असतं.

गुरुवारी फोन वाजला. कॉर्लिसचा कोणी म्हातारा होता, नदीवर मासे धरणारा. टोमणा येणार म्हणून व्हर्नाने कंबर कसली. तो मात्र अडखळत म्हणाला, की नोटीस वाचली, परवान्यावर कुणाला काही म्हणायचं असेल तर ते लिहायचं कुठे? डॉर्सी समोर बसून हाताने नको, नको करत होता. व्हर्नाने म्हाताऱ्याला राज्याच्या राजधानीतल्या, कोलंबसच्या सरकारी कचेरीचा पत्ता दिला, रस्त्याच्या नावासकट, आणि परत म्हणून दाखवायला लावला.

"पण धूर खरंच कमी होईल का, बाई?" म्हाताऱ्याने विचारलं.

"होईल. नाही झाला तर मलाच धरा. नाव छापलंय ना."

रविवारी चोवीस तारखेला सातवा अंक आला. बाहेर बर्फ भुरभुरत होता. व्हर्नाने सातही तारखा एकेक करून तपासल्या, मग अर्जाचा कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. आठवडाभर दररोज, या शब्दांवरून तिचं बोट न थांबता पुढे सरकलं. खाली पोचल्यावर तिने पेन मागितलं आणि आठवीत शिकवलेल्या वळणदार अक्षरात, पुरी जागा भरून, आपलं नाव लिहिलं.