उपचारापुरतं हसू

माणसाची खरी पारख त्याच्या हसण्यावरून होते. मोठमोठ्या लोकांनी हे आपापल्या परीने सांगितलं असेलही. कवळीवाला मात्र ते फक्त वरच्या जबड्यापुरतं म्हणत असे.

वरची कवळी टाळूला नीट धरते की नाही, हे चावून कळत नाही आणि बोलूनही कळत नाही. माणूस खदखदून हसला, ओठ वर गेला, गाल ताणले, आणि तरीही कवळी जागची हलली नाही, तर ती बसली असं समजावं, असा त्याचा सिद्धांत होता. कुठल्याही अभ्यासक्रमात तो नव्हता. त्याला तो आपल्या जुन्या शहरात काम करता करता सुचला होता, आणि त्या शहरात माणसाला हसवण्यासाठी वेगळं काही करावं लागत नसे.

तिथे खांद्यावर शिडी घेऊन चाललेल्या माणसाला कोणीतरी अनोळखी विचारी, "वरून बोलावणं आलंय वाटतं?" आणि शिडीवाला न थांबता म्हणे, "हो, तुमचंही नाव सुचवतो." केस कापून आलेल्याला शेजारचा दुकानदार विचारी, "कोणी केला हा हल्ला? तक्रार दिलीत का?" एकदा अपमान झाला की ओळख झाली, दोनदा झाला की घरोबा. कोणी अदबीने बोललं तर घरी सगळं ठीक आहे ना, अशी काळजी वाटायची.

कवळीवाल्याच्या दुकानाला लागून चष्मेवाल्याचं दुकान होतं. चष्मेवाल्याची वरची कवळी याने केलेली, याच्या नाकावरचा चष्मा त्याने दिलेला. "याला दिसत नाही ते माझ्यामुळे, आणि मला चाववत नाही ते याच्यामुळे," असं चष्मेवाला दोघांच्याही गिऱ्हाइकांना सांगे. गिऱ्हाईक हसे, कवळीवाला तेवढ्यात त्याच्या तोंडात डोकावून घेई, आणि काम होई.

मग बायकोची बदली झाली. बढतीवर झाली, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. कवळीवाल्याने दुकानाला कुलूप लावलं, किल्ली चष्मेवाल्याकडे दिली, आणि नव्या शहरात दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत, नोकरी धरली.

नव्या शहरात कोणी वाईट नव्हतं. तीच तर पंचाईत होती. लोक दार धरून ठेवत, रांगेत अंतर सोडून उभे राहत, जिन्यात भेटले की मान हलवत आणि पुन्हा भिंतीकडे बघत. पहिल्याच आठवड्यात कवळीवाल्याने खुर्चीत बसलेल्या एका गृहस्थांना नेहमीचं वाक्य टाकलं, "एवढं तोंड उघडू नका, मी बाहेरूनच काम करणार आहे." गृहस्थ "बरं" म्हणाले आणि त्यांनी तोंड अर्धं मिटलं.

असं महिनोन्‌महिने चाललं. तो मेणात दात लावायचा, साचा भरायचा, कवळी घासून चकचकीत करायचा, आणि शेवटी ती न हसणाऱ्या माणसाच्या तोंडात बसवून देवाच्या भरवशावर घरी पाठवायचा. व्हायचं तेच झालं. कवळ्या परत येऊ लागल्या. शेवटी एका आजोबांची कवळी नातीच्या लग्नात पडली. फोटो काढणारा "हसा" म्हणाला, आजोबा बऱ्याच वर्षांनी हसले, आणि कवळी नवरदेवाच्या बुटावर पडली. नवरदेवाने ती उचलून, पुसून, "आपली आहे का?" असं विचारून परत केली. एकही जण हसला नाही. कवळीवाल्याला कवळी पडल्याचं वाईट वाटलं, पण एवढी चांगली संधी वाया गेल्याचं त्याहून जास्त वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "तुमचं काम सुबक आहे. पण ते टिकत नाही. या महिन्यात आणखी एक जरी परत आली तरी मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बाई, हे लोक हसत नाहीत. पेशंट मोकळेपणी हसल्याशिवाय वरची कवळी बसवता येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे हसणं हा उपचाराचा भाग आहे?"

"तसंच समजा."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या शहरात 'बरं' म्हटलं की बोलणं संपतं, म्हणून कवळीवाला उठला.

त्याने चष्मेवाल्याला फोन केला.

"हाकलणार वाटतं मला."

"एवढा वेळ लागला त्यांना?" चष्मेवाला म्हणाला. "लोक सभ्य दिसतायत. हे बघ, तुझ्या दुकानाला दुसरं गिऱ्हाईक आलंय. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. तुझ्या खुर्चीवर सध्या मांजर बसतं. त्याची एकही तक्रार आलेली नाही."

कवळीवाल्याला फोन ठेववेना. त्याने संध्याकाळी बायकोपुढे विषय काढला. बायको ऑफिसातून येऊन पाय वर घेऊन बसली होती.

"इथे एक माणूस मनापासून बोलत नाही गं."

"मला तर तेच आवडतं," बायको म्हणाली. "तिकडे भाजी घ्यायला गेले की कोणीही ऊठसूट सांगायचं, वहिनी, वजन वाढलं. भाजीवाला सांगायचा. भाजीवाल्याचं गिऱ्हाईक सांगायचं. तुमच्या त्या चष्मेवाल्याने मला मोठ्या काचांचा चष्मा दिला, आणि वर म्हणाला, चेहऱ्याच्या मानाने हाच शोभेल. तुम्ही हसलात."

"प्रेमाने म्हणाला होता."

"इथे प्रेम कमी आहे, पण मला चष्मा बरोबर मापाचा मिळाला. तुम्हाला जायचं असेल तर जा. मी येणार नाही."

तेव्हा प्रकरण असं होतं: आणखी एक कवळी परत आली की नोकरी जाणार, नोकरी गेली की त्याला जुन्या शहरात जावं लागणार, आणि गेला तर एकटाच जाणार. अशा मनःस्थितीत तो सोमवारी कामावर गेला, आणि पहिलाच पेशंट हसला.

ती एक पोक्त बाई होती. कवळी तोंडात ठेवता ठेवता कवळीवाला सवयीने म्हणाला, "दात नवे आहेत, पहिले काही दिवस फक्त नवऱ्यावर वापरा." बाई मान मागे टाकून मोठ्याने हसली. आ वासून हसली. वरचे सगळे दात दिसले, शिवाय हिरडीची कडही दिसली. डावीकडची बाजू सुटतेय हे त्याला तिथल्या तिथे कळलं. त्याने कड घासली, बाई पुन्हा हसली, कवळी बसली.

दुपारी आणखी एक जण हसला. दुसऱ्या दिवशी आलेले सगळेच हसले.

कवळीवाल्याला आनंद व्हायला हवा होता. तसा तो झालाही, चहा होईपर्यंत टिकला. मग त्याला आठवलं की आपल्या शहरात विनोदाला उलट टोला न देता माणूस नुसता हसायचा तो ठरावीक वेळीच: विनोद घरमालक सांगत असला की, हसणाऱ्याला उसने हवे असले की, नाहीतर सांगणाऱ्याचे दिवस भरत आलेत हे गावाला कळलं असून त्याला एकट्याला कळलेलं नसलं की. घरमालक तो नव्हता. उसने मागावे असा तो दिसतही नव्हता. राहिली तिसरी शक्यता. त्याने संध्याकाळी वजन करून पाहिलं. वाढलं होतं. त्यामुळे थोडं बरं वाटलं, पण संशय गेला नाही.

"काहीतरी शिजतंय," तो बायकोला म्हणाला. "हे लोक एकाएकी हसायला लागलेत."

"लोक हसतात म्हणून जेवण जात नाही असा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. तुम्हालाच हसणारे हवे होते ना?"

"हे वेगळं आहे. सगळे सारखंच हसतात. आवाजसुद्धा सारखा. डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर पाळत ठेवायला माणसं पाठवली असणार. नोकरीवरून काढायच्या आधी पुरावा गोळा करतायत."

"सत्तरीच्या, बिनदाताच्या म्हाताऱ्या पाळतीवर?"

"तोच तर डाव आहे. कोणाला संशय येणार?"

बायकोने भात वाढला.

दुसऱ्या दिवशी त्याने परीक्षा घ्यायची ठरवली. खुर्चीत बसलेल्या पेशंटच्या तोंडात कवळी बसवून तो हळूच म्हणाला, "बाहेर ढग आलेत."

पेशंट हसला.

"काल नव्हते."

पेशंट त्याहून मोठ्याने हसला.

कवळीवाल्याने दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि गंभीर आवाजात म्हणाला, "माझे सासरे गेल्या वर्षी वारले."

पेशंट पोट धरून हसला. कवळी तसूभरही हलली नाही.

हे त्याने घरी सांगितलं तेव्हा बायकोने ताट बाजूला सारलं. "माझ्या बाबांवर हसला?"

"मनमोकळं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"कवळी उत्तम बसली होती. घरी पाठवला."

आता बायकोलाही संशय आला, पण तो समोर जेवत बसलेल्या माणसाचा आला.

पुढच्या दिवशी कवळीवाला नेहमीपेक्षा लवकर निघाला. दवाखान्याच्या मागच्या दाराने शिरला आणि प्लास्टरची पोती ठेवलेल्या बोळात उभा राहिला. तिथून काउंटर दिसत नसे, पण काउंटरवरच्या बाईंचा आवाज स्वच्छ ऐकू येई. काउंटरपुढे एक निवृत्त मोजणीदार बसले होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस, त्यामुळे प्रत्येक गोष्ट नीट विचारून घेत होता.

"आत गेल्यावर ते काहीतरी बोलतील," काउंटरवरच्या बाई सांगत होत्या. "त्यांचं बोलणं संपलं की हसायचं. पूर्ण तोंड उघडून, मोठ्याने. वरचे दात दिसले पाहिजेत. उपचाराचा भाग आहे."

"काय बोलतील?"

"काहीही असतं. अर्थाकडे लक्ष देऊ नका."

"संपलं हे कसं ओळखायचं?"

"ते थांबतात आणि तुमच्याकडे बघत बसतात."

"बरं. दुखतं का?"

"नाही. काहींना नंतर थोडं अवघडल्यासारखं होतं, पण ते आपोआप जातं."

कवळीवाला पोत्याला टेकला. पाळत नव्हती, आजार नव्हता, डाव नव्हता. त्याच्या एकूण एक विनोदांचा, तोंडात घालायच्या प्लास्टरइतकाच, निमूटपणे इलाज म्हणून स्वीकार झाला होता. हाकलण्यासाठी लोक हसत असते तर ते त्याला सोसलं असतं. निदान त्यात थोडी आपुलकी असती.

मोजणीदार आत आले. कवळीवाल्याने कवळी बसवली, निळा कागद दातांखाली धरून चाव तपासला, कड चाचपली. बोलला मात्र काहीच नाही. मोजणीदार वाट बघत राहिले. त्यांनी एकदा घसा साफ केला. एकदा दाराकडे बघितलं. शेवटी त्यांना राहवेना.

"तुम्ही बोलायचं विसरलात का?"

"आज काही सुचत नाहीये."

मोजणीदारांनी विचार केला. "मग मी असंच हसून टाकू का? मला पुढे बँकेत जायचंय."

कवळीवाला त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग त्यालाच हसू फुटलं. हातातला कागद खाली पडला, चष्मा नाकावरून घसरला, डोळ्यांतून पाणी आलं. या शहरात आल्यापासून तो पहिल्यांदा हसत होता. मोजणीदार थोडा वेळ काळजीने बघत होते. मग, कदाचित हीच नवी पद्धत असेल असं समजून, तेही शिस्तीत हसले. वरचे सगळे दात दाखवून. कवळी घट्ट होती.

जाताना ते काउंटरवर थांबले. "आज त्यांनीच हसून घेतलं," ते म्हणाले. "चालेल ना?"

महिनाअखेरीला डॉक्टरीणबाई मागच्या खोलीत आल्या. एकही कवळी परत आली नव्हती. त्या म्हणाल्या, "तुमची पद्धत उपयोगी दिसते. चालू ठेवू या." आणि गेल्या. कवळीवाल्याला त्यात अपमान शोधावासा वाटला, पण तो नव्हता.

त्याने चष्मेवाल्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ढग सांगितले, सासरे सांगितले, मोजणीदार सांगितले. पलीकडे चष्मेवाला हसत सुटला, टेबलावर हात आपटत हसला, त्याच्या दुकानातलं गिऱ्हाईकही काही न कळता हसायला लागलं. कवळीवाल्याने डोळे मिटून फोन कानाशी दाबून धरला. हेच ते हसू. यावर आपण उभ्या शहराच्या कवळ्या बसवल्या.

मग पलीकडे काहीतरी टणकन वाजलं आणि हसू तुटलं.

"थांब जरा," चष्मेवाला बोबडं बोलत होता. "पडली."

"काय पडलं?"

"कवळी. काउंटरखाली गेली. मांजर हुंगतंय."

"कधीपासून पडते?"

"पहिल्या दिवसापासून. हसलं की पडते. तुझ्यासमोर जिभेने धरून ठेवायचो. तू केलेल्या सगळ्यांच्याच पडतात."

"मग कोणी परत का आणली नाही?"

"आणून काय करणार? दुकानात आलं की तू पुन्हा हसवायचास," चष्मेवाला म्हणाला. "बरं, घरमालकाला काय सांगू?"

कवळीवाल्याने त्याला दुकान देऊन टाकायला सांगितलं.